झिऱ्यावरची फांदी

पूर्वी गोदेच्या काठी एका नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व उत्तरेकडच्या डोंगररानात हत्तीच्या जन्माला आले होते. वय झाले होते, कळप मागे राहिला होता, आणि ते एकटेच हिंडत असत. डाव्या कानाची पाळी कधीकाळी वाघाने फाडली होती. त्या कानावरून रानातली माणसे त्यांना ओळखत. हत्ती मात्र कोणी म्हणत नसे. ‘थोरले’ म्हणत.

त्या माणसांच्या पाड्यावर कुरंगी नावाची मुलगी वाढली. उन्हाळ्यात नदी आटली की थोरले कोरड्या पात्रात येत, पायाने वाळू घासत, सोंडेने उपसत. हातभर खोल गेले की तळाशी पाणी पाझरू लागे. हा झिरा. ते पिऊन जात, मग चितळे येत, मोर येत, सगळ्यांत शेवटी माणसे. कुरंगीचा बा तिला बोट धरून तिथे नेई. पाणी पिऊन झाले की तो गुडघे टेकून झिरा आणखी वीतभर उकरी आणि त्यावर जांभळीची फांदी आडवी घाली.

“बा, आपलं तर पिऊन झालं. आता कशाला?” तिने एकदा विचारले होते.

“आपल्या आधी आलेल्यानं हेच विचारलं असतं, तर तू आज काय प्याली असतीस?” बा म्हणाला होता.

पुढे मध आणि लाख घ्यायला दरसाल येणाऱ्या धनिक नावाच्या सार्थवाहाच्या मुलाने, नंदिकाने, तिला पाहिले आणि हट्टच धरला. धनिक हा मोठ्या तांड्याचा मालक. त्याने बराच विरोध केला आणि मग, मुलगा जेवेनासा झाला तेव्हा, रुकार दिला.

नगरातले घर मोठे होते. कुरंगी कमी बोले. पाणी प्यायली की रांजणात दुसरी घागर ओती आणि वर झाकण ठेवी. सासूबाई हसत. “अगं, आपल्या अंगणात विहीर आहे. ती काय पळून चाललीय?” कुरंगी म्हणे, “नाही, आत्याबाई,” आणि पुन्हा घागर ओती. सासूबाई सोडल्या तर त्या घरात रांजण कोण भरते हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण तो कधी रिकामा दिसतच नसे.

माहेरची आठवण आली की मुली रडतात. कुरंगी दुपारी ओल्या मडक्याला नाक लावून बसे. त्या वासात थोडी वाळू असे, थोडा बा असे. फांदीचा वास मात्र काही केल्या येत नसे.

पहिल्याच वैशाखात तांडा त्या रानातून पलीकडच्या नगराला निघाला. या खेपेला धनिकाची बायको आणि सूनही बरोबर होत्या. नेहमीचा वाटाड्या आजारी पडला होता. धनिक म्हणाला, “वीस वर्षं ही वाट तुडवतोय. वाटाड्या कशाला हवा?” वाट खरोखरच चुकली नाही. पण वाटेवरचे तळे आटले होते. पुढच्या तळ्यातही भेगाच होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटची पखाल पिळून झाली. चाळीस माणसे आणि साठ बैल. दोन बैल जुवाखालीच बसले. दुपारी आत्याबाई बोलायच्या थांबल्या, तेव्हा तांडा खरा घाबरला.

कुरंगी गाडीतून उतरून चालू लागली होती. एका करवंदीच्या जाळीपाशी तिने हत्तीची लीद पाहिली आणि अंगठ्याने दाबून बघितली. आत ओल होती.

“अहो,” ती नंदिकाला म्हणाली, “थोरले आजच इथून गेलेत.”

“कोण थोरले?”

“माझ्या माहेरचे.”

नंदिकाला वाटले, उन्हाने हिचे डोके फिरले. तरी तो मागोमाग गेला, आणि दुसरे काही सुचत नव्हते म्हणून तांडाही गेला.

नदीच्या कोरड्या पात्रात थोरले झिऱ्यावर उभे होते. अंगाच्या घड्या लोंबत होत्या, पण कान तोच होता. कुरंगीने दुरूनच हात जोडले. मग तिला बैलांच्या नाकपुड्या फुललेल्या दिसल्या. पदराआडून ती म्हणाली, “बैल सोडू नका हो. झिरा ढासळेल. द्रोणाने काढून पाजू.”

नव्या सुनेने जसे बोलावे तसे ती बोलली, म्हणून कोणालाच ऐकू गेले नाही.

माणसांना पाहून थोरले बाजूला सरले. त्यांचे पिणे अर्धेच झाले होते. तेवढ्यात कोणीतरी बैलांची जोती सोडली. नगरात बैलांना तळ्यावर असेच सोडतात. बैल धावले, माणसे धावली, आणि खुरांखाली वाळूच्या कडा कोसळून झिरा बुजला. उरला तो हातभर चिखल. एक गाडीवान तोच तोंडात घालू लागला.

धनिक म्हणाला, “हत्तीच्या पोटात घागरीच्या घागरी पाणी असतं. नंदिक, धनुष्य घे.”

“बाबा, त्यानंच तर...”

“तुझी आई मरायला टेकलीय. घे!”

नंदिकाने आईकडे पाहिले आणि बाण सोडला. तो थोरल्यांच्या खांद्यात रुतला.

कुरंगी धावत मध्ये जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर पडला होता. “आता दुसरा सोडायचा तर माझ्यातून जाऊ दे!” ती ओरडली. तिचा आवाज त्या घराने प्रथमच ऐकला. “मामंजी, त्यांनी उकरलेलं पाणी आपण बुजवलं, आणि आता त्यांचं पोट फाडायला निघालात? ते मेले तर उद्याचा झिरा कोण काढील? मी म्हटलं होतं, बैल सोडू नका. मोठ्यानं म्हणाले नाही, ही माझी चूक. आता मोठ्यानं सांगतेय.”

बोधिसत्त्वांच्या खांद्यातून रक्त वाहत होते. धावून गेले असते तर वाळूत एकही माणूस उरला नसता. रानात शिरले असते तर कोणी गाठूही शकले नसते. पण ते बोलणाऱ्या मुलीकडे पाहत राहिले. जांभळीची फांदी दोन्ही हातांनी ओढत आणणारी मुलगी त्यांना आठवली. त्यांनी विचार केला, ‘यांना तहान आहे, समज नाही. पण समज नसलेल्याची तहान काही लहान नसते. बाण माझ्या खांद्यात आहे, यांच्या घशात तर आगच आहे.’

ते वळले आणि खडकाच्या वळणापाशी जाऊन वाळू घासू लागले. खांदा हलला की रक्ताचा ओघळ वाढे. बराच वेळ नुसती कोरडी वाळू उडत राहिली. मग ती काळसर झाली, आणि तळाशी आभाळाचा एक तुकडा दिसला.

थोरले मागे सरून उभे राहिले.

“एकेक जण या,” कुरंगी म्हणाली. “पळसाचे द्रोण करा. पिऊन झालं की वीतभर उकरायचं. बैलांना मागून, हातानं.”

पहिला द्रोण तिने आत्याबाईंच्या ओठाला लावला. दोन घोट गेल्यावर त्यांचा आवाज परत आला. “अहो, बघत काय बसलात? सून सांगतेय ते करा!” धनिक पाणी प्याला आणि त्याने गुडघे टेकले. त्याची बोटे अंगठ्यांनी भरली होती. त्याने त्या काढून ठेवल्या आणि वाळू उपसू लागला.

चाळीस माणसे प्यायली, बैल प्यायले. प्रत्येकाने वीतभर उकरले होते, म्हणून शेवटीही पाणी होते, उलट जास्तच होते. नंदिक हात जोडून थोरल्यांजवळ गेला. त्यांनी खांदा झुकवला. त्याने बाण उपसला आणि जखमेत ओली माती भरली. मग थोरले झिऱ्यावर आले, सावकाश प्यायले आणि रानात निघून गेले. कुरंगीने जांभळीची फांदी शोधून आणली. घालण्याआधी तिने तिचा वास घेतला.

पुढे ते तिला दिसले नाहीत. तांडा दर वैशाखात त्या वळणावर थांबे. तिचे केस पांढरे झाले त्या वर्षी झिरा आधीच उकरलेला होता. वर जांभळीची ताजी फांदी होती, आणि भोवती माणसाचे एकही पाऊल नव्हते.

भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा विहारातल्या एका रिकाम्या रांजणावरून सांगितली. चित्तल नावाच्या भिक्षूने शेवटचे पाणी पिऊन तो तसाच ठेवला होता, आणि सोमिल भिक्षू त्याची तक्रार घेऊन आला होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा धनिक आजचा चित्तल आहे. ज्याने बाण सोडला तो सोमिल, आजही त्याचा नेम चांगला आहे. आत्याबाई म्हणजे आपल्याला भिक्षा घालणारी वृद्धा कच्छा. कुरंगी म्हणजे भिक्षुणी खेमिका. इतके दिवस हा रांजण कोण भरत होते, हे तुम्ही कधी विचारलेच नाही. ती आज तापाने निजून आहे. आणि तो हत्ती मीच होतो. बाण अंगात असताना बाण मारणाऱ्यासाठी पाणी काढणे, याला क्षांती म्हणतात.”

चित्तल उठला आणि घागर घेऊन नदीकडे गेला. थोड्या वेळाने सोमिलही दुसरी घागर घेऊन त्याच्या मागे गेला.