साळूने हुकमाची नक्कल मागितली

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे अंगभर काटे असलेलं साळिंदर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर बिळात झोपायची आणि अंधार पडला की कंदमुळं शोधायला निघायची. त्या वर्षी तिला दोन पिल्लं झाली होती. त्यांचे काटे अजून मऊ होते. ते टणक होण्याआधी पिल्लांना उघड्यावर नेणं म्हणजे कोल्ह्याच्या तोंडी देणंच की हो!

एके संध्याकाळी ती जागी होऊन बाहेर पाहते तर काय, शेजारचा ससा स्वतःच्याच बिळात माती लोटत होता. "दरबाराचा हुकूम आहे, साळूताई," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "वाघमहाराजांना ओढ्याकाठी लोळायला सपाट जागा हवी आहे. अमावास्येच्या आत सगळी बिळं बुजवायची."

"पण मला कुणी विचारलं?" साळूने म्हटलं.

"आपल्याला कोण विचारतंय! मोठ्यांच्या पुढे शहाणपण चालत नाही. मुकाट्याने निघावं झालं," ससा म्हणाला आणि पुन्हा माती लोटू लागला. मुलांनो, असलं बोलणं ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अरे, घर तुझं, निदान एकदा विचार तरी!

साळूचे काटे रागाने उभे राहिले. पण नुसते काटे उभारून दरबार हलत नसतो, हे तिला कळत होतं. ती तडक टेकडीवरच्या म्हाताऱ्या घोरपडीकडे गेली. घोरपडीला दरबाराचे सगळे कायदे तोंडपाठ होते, आणि ती एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटत नसे. "मावशी, दरबारात माझी बोबडीच वळते हो," साळू म्हणाली. "माझ्या बाजूने तुम्ही बोलाल का?"

"बोलेन की! पण अर्ध्यातून माघार घ्यायची नाही, सांगून ठेवते," घोरपड म्हणाली. "आधी हुकमाची नक्कल मिळवू. काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय भांडायचं कशाशी?"

दरबाराचा कारकून होता कावळा. तो पळसाच्या पानावर चोचीने टोचून हुकूम लिहायचा. दोघी तिन्हीसांजेला त्याच्याकडे गेल्या. "नक्कल? उद्या या," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "परवा या." तिसऱ्या दिवशी त्याने मान फिरवली आणि म्हणाला, "वरून परवानगी आलेली नाही." मग घोरपड सरसर झाडावर चढली आणि त्याच्या बसायच्या फांदीला चारही पायांनी घट्ट चिकटली. "नक्कल मिळेपर्यंत मी इथून हलत नाही," ती म्हणाली. कावळ्याने काव काव करून झाडून सगळं रान गोळा केलं, पण ती ढिम्म. शेवटी वैतागून त्याने एक पान टोचलं आणि खाली टाकलं. घोरपडीने ते वाचलं आणि साळूला म्हणाली, "चल, आता दरबारात."

तिन्हीसांजेला दरबार भरला. घोरपड पुढे झाली. "महाराज, आपलाच कायदा आहे की ज्याचं घर मोडायचं, त्याचं म्हणणं आधी त्याच्या दारी जाऊन ऐकायचं. साळूचं कुणी ऐकलं?"

"ऐकलं तर! पानावर लिहिलंय मी," कावळा ऐटीत म्हणाला आणि घोरपडीने पुढे केलेली नक्कल त्याने वाचून दाखवली : "भरदुपारी साळूच्या दारी गेलो. साळू दारात ऊन खात बसली होती. माझी काही हरकत नाही, असे ती म्हणाली."

सगळ्या दरबारात खसखस पिकली. भरदुपारी ऊन खाणारी साळू कुणी पाहिली आहे? कावळा काही तिच्या दारी गेलाच नव्हता. हा पठ्ठ्या अंधार पडला की झोपणार, त्यामुळे सारं जग आपल्यासारखंच दिवसा जागं असतं असं त्याला वाटलं आणि त्याने बसल्या जागी थाप टोचली.

"माझ्या हुकमावर हसता?" वाघ गरजला. हरणं मागे सरली, माकडं वरच्या फांद्यांवर पळाली. साळू मात्र जागची हलली नाही. घोरपडही हलली नाही.

"हुकूम आपला आणि कायदाही आपलाच, महाराज," घोरपड म्हणाली. "दोन्हींपैकी कोणता मोडायचा ते आपणच सांगा. सगळं जंगल ऐकतंय."

वाघाने चहूकडे पाहिलं. खरंच सगळं जंगल ऐकत होतं. राजानेच कायदा मोडला, तर उद्या तो पाळणार कोण? तो गुरगुरला, "हुकूम रद्द. जा साळू, मेहेरबानी केली तुझ्यावर."

तेव्हा जिची बोबडी वळायची ती साळू स्वतः बोलली. "मेहेरबानी नको, महाराज. बीळ माझंच होतं आणि माझंच आहे. यापुढे कुणाचंही घर हवं असेल, तर आधी दारी या आणि विचारा. आणि मी झोपले असेन, तर उठेपर्यंत थांबा."

तात्पर्य : दरबारचा हुकूम अन्यायाचा असेल, तर मुकाट मान तुकवू नये, कायदा जाणणाऱ्याला सोबत घ्यावं आणि समोर उभं राहून जाब विचारावा.