टिटवी आणि नदीचा भोंगा

अगं, ऐक ना, काय झालंय माहितीये? तसं खूप जुनं आहे, अख्ख्या जंगलात मिळून एकच कॉम्प्युटर होता तेव्हाचं, पण मला आत्ताच कळलं!

तर त्यावर प्रत्येकाचं खातं होतं, आणि कुणाला कशाची परवानगी हे हुकूम टाइप करून ठरवायचं काम साळूदादा नावाच्या साळिंदराचं. पुराचा भोंगा वाजवायची परवानगी भोंग्याच्या गटाला, आणि त्या गटात फक्त टिटवी. तिची अंडी नदीच्या वाळूतच ना, म्हणून तिची नजर सतत पाण्यावर.

एकदा ती म्हणाली, "साळूदादा, मला गाण्याच्या गटात पण घे ना."

"तू गाणार? मग कासव नाचेल!" साळूदादा हसला आणि त्याने घाईघाईत टाइप केलं, टिटवीचा गट गाण्याचा. 'भोंग्याचाही राहू दे' हे सांगायचं राहिलं. कॉम्प्युटरने मुकाट्याने जुना गट पुसून नवा लिहिला. काही कुरकुर नाही म्हणजे झालं काम, असं समजून साळूदादा जेवायला गेला.

आठवड्याने पाणी चढलं. टिटवीने भोंग्याचं बटण दाबलं, तर पडद्यावर 'परवानगी नाही'. दहादा दाबलं तरी तेच. मग ती घसा फाटेपर्यंत ओरडली. सगळ्यांना वाटलं, गाण्याची प्रॅक्टिस चाललीये.

वाळूत एकही अंडं उरलं नाही. "माझंच काहीतरी चुकलं असणार, दादा," ती रडत म्हणाली. साळूदादाने तोवर हुकमांची नोंद वाचून आपली चूक ओळखली होती, आणि ती नोंद दुसऱ्या कुणाला उघडता येत नव्हती. त्याने नुसती 'हो' अशी मान हलवली.

त्याच्या जागी तू असतीस, तर सांगितलं असतंस का गं?