चिमीबायची खिडकी

खाडीवर पूल नव्हता आणि बाजाराला होडीनं जावं लागायचं, त्या फार जुन्या काळी आमच्या गावात पोशा नावाचा गडी होता. भरतीचं खारं पाणी भातशेतं नासवायचं, म्हणून त्यानं गाव गोळा करून खाडीला बांध घातला. बांधाला लाकडी दार ठेवलं. ओहोटीला ते उचलून पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला घट्ट लावायचं. बांध असा पक्का, की खेकडासुद्धा आत शिरेना. भात अमाप पिकलं आणि पोशाची मान ताठ झाली. ती ताठच राहिली, असं म्हणतात.

त्याची बायको चिमीबाय. तिचं माहेर खाडीच्या तोंडाशी, मासेमारी करणाऱ्यांचं. पूर्वी जिताडा माशाची पिल्लं पावसाळी भरतीबरोबर आमच्या गोड्या पाण्यात यायची, वाढायची आणि मोठी होऊन तिच्या माहेराकडे, खाडीत परतायची. आता ती बंद दाराशी अडायची. त्यांची टकटक चिमीबायला घरात ऐकू यायची, असं म्हणतात.

काही पावसाळे गेले आणि माहेरची जाळी रिकामी पडली. भाऊ गाव सोडायला निघाला, म्हणून बहिणीला भेटायला आला. तिनं भात वाढला. त्यानं हात लावला नाही.

“बाय, या भातापायी आमची खाडी उपाशी मेली,” तो म्हणाला.

चिमीबायनं गावाकडे दार उघडायची परवानगी मागितली. शेतं खारावतील म्हणून गाव तिच्यावर तुटून पडलं. तिनं समजावलं, की पावसाळ्यात भरतीचं पहिलं पाणी नदीचंच असतं, गोडं. मीठ त्याच्या मागून येतं.

“मीठ जिभेला लागला का दार लावीन. तवर कोनी हात लावाचा नाय.”

भरती चढू लागली तशी तिनं दोर ओढून दार उचललं आणि दोर तुटला. तिनं दार पाठीवर घेतलं. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं. पिल्लं तिच्या बगलेखालून आत धावत होती. पोशा बांधावरून शिव्या देत होता. शेवटी तोच पाण्यात उतरला आणि त्यानं दाराला खांदा दिला. जिभेला मीठ लागलं तेव्हा शेवटचं पिल्लू बाहेरच होतं. चिमीबायनं समुद्राला दम भरला आणि ते आत शिरेपर्यंत भरती थांबली, असं म्हणतात. भाऊ मात्र त्या दिवशी पोटभर जेवला आणि गाव सोडून गेला नाही.

आजही आमच्या बांधाच्या दाराला खाली खिडकी आहे. पावसाळी भरतीला गावची एखादी सून तिथं उभी राहून पाणी चाखते आणि खारट लागलं की खिडकी लावते. शेतात सापडलेला पहिला मोठा जिताडा कुणी शिजवत नाही. त्याला खाडीत सोडतात आणि म्हणतात, “जा बाय, म्हायेरा जा.”