मध्यंतरात उठलेले गुरू

एकदा एका चित्रपट-अभ्यासाच्या विद्यार्थिनीला पीएच.डी.साठी विषय सापडेना. दर आठवड्याला ती नवा विषय घेऊन आपल्या वृद्ध मार्गदर्शकांकडे जाई, आणि जिना उतरेपर्यंत तिला तो शिळा वाटू लागे. आता मात्र उद्या सकाळी समितीपुढे उभे राहायचे होते. विषय दिला नाही, तर जागा हातची जाणार होती.

"सर, तुम्हीच एखादा द्या ना," ती काकुळतीने म्हणाली.

"माझी चप्पल तुला बसेल का?" सर हसले. "चल, दुपारचा खेळ पाहू."

जुन्या चित्रगृहात पंखे घरघरत होते. पडद्यावर नायक हरवलेल्या बहिणीला शोधत गावोगाव भटकत होता. शिष्येचा जीव थाऱ्यावर नव्हता. पुढच्या रांगेत एक बाई आपल्या अंध नवऱ्याच्या कानाशी लागून सारखी कुजबुजत होती.

मध्यंतर झाले. लोक वडापावकडे धावले. सर उठले आणि थेट रस्त्याला लागले.

"अहो सर, सिनेमा अर्धाच झालाय!"

"हो. घरी जाऊ."

ती चडफडत मागे निघाली. कोपऱ्यावर मात्र तिला राहवेना.

"पण सर, नायक नुसताच नदीकडे बघत बसला होता, तेव्हा ती बाई नवऱ्याला काय सांगत होती? तिथे तर काही घडतच नव्हतं. तरी तो डोळे पुसत होता! गाण्यात ती गप्प झाली, पण त्याच्या तळहातावर बोटाने काहीतरी काढत होती. काय काढत असेल?"

सर थांबले. "बहीण सापडते का, हे नाही विचारलंस?"

ती चपापली.

"तुझे आधीचे विषय चांगले होते," सर शांतपणे म्हणाले. "पण एकही तुझ्यामागून जिना उतरला नाही. संशोधकाला वर्षानुवर्षे एकाच प्रश्नासोबत नांदायचं असतं, पोरी. अर्ध्यातून उठवल्यावर काय तुझ्या मागे येतं, तेवढंच मला पाहायचं होतं."

"पण असल्या विषयाला समिती हसली तर?"

"हसू दे. हसून झाल्यावर विचारेल, मग ती बाई काय सांगत होती?"

"काय सांगू मग?"

"मला काय ठाऊक? मी तर मध्यंतरातच उठलो."

मागे चित्रगृहाची घंटा वाजली. ती वळली आणि धावत सुटली. अंधारात चाचपडत पुढच्या रांगेपाशी पोहोचली.

"काकू," ती दबक्या आवाजात म्हणाली, "मी तुमच्याशेजारी बसू?"