ठमाईचा चिखल

तुमच्या पणजीच्या पणजीला दात आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. खिंडवाडीला तेव्हा सडक नव्हती, दिवा नव्हता, आणि अक्कल तर मुळीच नव्हती. अक्कल पुढं आली. ती कशी आली तेच सांगतो. मधे बोलायचं नाही आणि जांभया द्यायच्या नाहीत. ठमाईला जांभया देणाऱ्यांचा फार राग यायचा.

राग तिला पुष्कळ गोष्टींचा यायचा. असं म्हणतात, की जन्मली तेव्हा ती रडलीच नाही, सुइणीवर खेकसली. आता सुईण काही साक्षीला येत नाही, तेव्हा ते सोडून देऊ. पण ज्या रागापायी गाव तिला अजून विसरलं नाही, तो राग खरा होता, आणि माझ्या मते थोडा कमीच होता.

खिंडवाडी डोंगराच्या खिंडीत, वाऱ्याच्या ऐन तोंडावर बसलेली. घरं कारवीच्या काठ्यांची, वरून चिखल-शेणाचं लिंपण. चार महिने पाऊस झोडपायचा आणि लिंपण धुऊन जायचं. मग दसरा झाला की सगळ्या गावाची एकच धांदल. गावामागच्या खड्ड्यात तांबडी माती, शेण आणि भाताचं तूस कालवायचं, पाणी सोडायचं आणि आठ दिवस पायांनी तुडवायचं. आठ दिवस मुरला तरच चिखल भिंत धरतो, नाहीतर वाळला की गळून पडतो. तोवर बायका परसात लागायच्या. लसणाच्या वाफ्यावर पेंढा पसरायचा, पावट्याच्या वेलाला आडोसा करायचा, पपईच्या रोपाला जुनं लुगडं गुंडाळायचं. थंडी उतरायच्या आत घर लिंपायचं आणि परस झाकायचं, एवढंच काम. पण ते चुकलं तर माफी नव्हती.

आणि रीत अशी होती, की पहिला चिखल पाटलाचा. आधी पाटलाचं घर, मग पाटलाचा गोठा, मग पाटलाच्या केळीच्या बागेची भिंत. गावातला चांगला पेंढाही आधी तिकडंच जायचा. केळींना पेंढ्याचे अंगरखे आणि लोकांची लेकरं उघडी! हे सगळ्यांना दिसत होतं. पण बोलतो कोण? सगळे मूग गिळून पाट्या वाहायचे.

एका साली रायाजी पाटलानं नवा गोठा उभारला, चांगला वीस जनावरांचा. सगळा चिखल त्या गोठ्यानं खाल्ला. गावासाठी खड्ड्यात खरवडायलाही उरला नाही. लोकांनी मुकाट्यानं पुन्हा माती भिजवली, आणि त्या मुरायच्या आठ दिवसांतच थंडी खिंडीतून खाली उतरली. ठमाईच्या घरात सव्वा महिन्याचा नातू होता. तिनं भेगांत गवत कोंबलं, घोंगडी टांगली, सगळ्यांत मोठ्या भेगेला स्वतःची पाठ लावून बसली. वारा पाठीशेजारून आत आला. सकाळी पोर उठलं नाही.

ठमाईचा लेक केरू. गोठ्याला पाट्या वाहणाऱ्यांत तो सगळ्यांच्या पुढं होता. त्याच्या नखांतला चिखल निघाला नव्हता, तोवर त्यानं लेकाला पुरलं.

ठमाई रडली नाही. वर्षभर लेकाशी धड बोलली नाही. त्याच्यापुढं भाकरी ठेवायची आणि वळून निघून जायची. पुढल्या भादव्यात सून बायजा पुन्हा बाळंत झाली. मुलगी झाली, चिमणीएवढी, म्हणून नाव ठेवलं चिमा. ठमाईनं तिला उचलून डोळ्यांसमोर धरलं आणि बायजेला म्हणाली, "ही पोर शिमगा बघणार. कशी बघत नाही ते मी बघते."

दसरा झाला. खड्ड्यात चिखल कालवला. आठव्या दिवशी पाटलाचा माणूस हाक देत फिरला आणि सगळं गाव पाट्या घेऊन खड्ड्यावर जमलं. बघतात तर काय, लुगड्याचा काचा मारून ठमाई खड्ड्याच्या मधोमध उभी! चिखल गुडघ्यापर्यंत.

"पहिली पाटी माझ्या घराला," ती म्हणाली. "मग ज्याच्या घरात तान्हं आहे त्याला. मग म्हाताऱ्यांना. पाटलाचा गोठा सगळ्यांत शेवटी. बैलांना कातडं तरी जाड आहे."

रायाजी पाटील स्वतः आला. आधी हसला. "ठमे, रीत आहे ती. वाडवडलांपासून चालत आलीय."

"वाडवडील मेले," ठमाई म्हणाली. "माझा नातूही मेला. त्यांना कुणाला आता थंडी वाजत नाही. जी जिवंत आहे, तिचं मी बोलतेय."

पाटलाचं हसू मावळलं. पण ठमाईनं त्याच्याकडं पाठ फिरवली आणि काठावरच्या गावाकडं वळली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती म्हणाली, "पाटलावर माझा राग कमी आहे. त्यानं मागितलं. तुम्ही नेऊन दिलंत. एकाच्या तरी तोंडून शब्द फुटला? माझ्या घरावरून पाट्या घेऊन जात होतात, भेगा दिसत नव्हत्या तुम्हाला? आत पोर खोकत होतं, ऐकू येत नव्हतं? सुतकाला मात्र सगळे आलात, माना खाली घालून. लाज नाही वाटली?" मग तिनं लेकाकडं बोट केलं. वर्षभर गिळलेलं सगळं त्या वेळी बाहेर पडलं. "आणि तू रे केरू! तुझ्या हाताला चिखल होता आणि तुझ्या घराला नव्हता. बाप म्हणवतोस!"

पाटील म्हणाला, "केरू, तुझ्या आईला बाहेर काढ."

केरू पाटी घेऊन खड्ड्यात उतरला. लोकांना वाटलं, आता हा म्हातारीला ओढणार. बायजेनं तोंडावर पदर धरला. केरू आईजवळ गेला, वाकला, पाटी काठोकाठ भरली, डोक्यावर घेतली आणि पाटलाच्या अंगावरून आपल्या घराकडं चालू लागला. जाताना तो रडत होता, हे सगळ्यांनी पाहिलं.

मग बायजा उतरली. मग शेजारणी उतरल्या. असं म्हणतात, की त्या वेळी चिखलातून वाफा निघायला लागल्या. ठमाईच्या रागानं खड्डा तापला होता, आणि त्या चिखलानं लिंपलेल्या भिंती शिमग्यापर्यंत ऊबदार राहिल्या. पाटील एकटाच घरी गेला. त्याचा गोठा लिंपला, पण सगळ्यांत शेवटी. एकही बैल मेला नाही.

त्याच दिवशी दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, थंडी आली. आठवडाभर आधी आली, जणू खबर लागली होती. अर्ध्या गावाच्या भिंती अजून उघड्या होत्या. ठमाई चिखलानं माखलेली तशीच खिंडीच्या तोंडाशी गेली आणि तिनं थंडीवर तोंड सोडलं. काय बोलली ते पोरांसमोर सांगत नाही. थंडीचं खानदान काढलं, एवढं पुरे. असं म्हणतात, की थंडीला जन्मात कुणी असं बोललं नव्हतं. ती खडकाआड जाऊन बसली आणि शेवटची भिंत लिंपून होईपर्यंत खाली उतरली नाही.

चिमानं शिमगा पाहिला. आजीच्या कडेवर बसून होळीच्या जाळाकडं हात केले तिनं.

त्यानंतर ठमाई जगली तोवर दर दसऱ्यानंतर घरोघर फिरायची. भिंतीच्या भेगेत बोट घालायची. बोट आत गेलं की त्या घरच्या कारभाऱ्याची खैर नसायची. परसात जायची, लसूण उघडा दिसला की बाईला धारेवर धरायची. लोक घाबरायचे, आणि घाबरून का होईना, लिंपायचे. त्या वर्षांत खिंडवाडीत एकही तान्हं थंडीनं गेलं नाही. हे 'असं म्हणतात' नाही. हे खरं आहे.

मग ती गेली. त्या साली दसरा झाला आणि गाव वाट बघत बसलं, कुणीतरी बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. खड्डा कोरडा राहिला. तेव्हा चिमा उठली. ती आता बाईमाणूस झाली होती, पदरात महिन्याचं लेकरू होतं. ती खड्ड्याच्या काठावर गेली आणि तिनं गावाला अशा शिव्या घातल्या, की म्हातारी माणसं काठ्या टेकत बाहेर आली. असं म्हणतात, तो आवाज ठमाईचाच होता.

तेव्हापासून चालत आलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खिंडवाडीत कुणी कुणाशी गोड बोलत नाही. गावात ज्या घरी सगळ्यांत लहान तान्हं असेल, त्या घरची बाई खड्ड्याशी उभी राहते आणि सगळ्या गावाला बोलते. कुणालाही बोलते, मनात येईल ते बोलते. उलट बोलायची परवानगी नाही. मग आठ दिवसांनी चिखल मुरला की पहिली पाटी तिच्या भिंतीला जाते, भिंत सिमेंटची असली तरी. मधे काही शहाणे म्हणाले, शिव्या बंद करू, ठमाईचं देऊळ बांधू. त्यांनाच त्या साली सगळ्यांत जास्त ऐकून घ्यावं लागलं.

गेल्या साली गावातल्या पारुबाईची धाकटी सून उभी होती. नवी सून, माहेरी वर मान करून बोलली नसेल. पोर खांद्यावर घेऊन ती सरपंचाला म्हणाली, "अंगणवाडीच्या खिडकीची काच फुटून चौथा हिवाळा आला. आत वीस लेकरं बसतात. तुमच्या गाडीची काच फुटली होती, ती किती दिवसांत बसवलीत?"

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीची काच बसली.