शुचिष्मतीच्या तीरावरचे प्रतिवचन

कृतयुग उतरणीला लागले होते. कश्यपाच्या घरच्या दोन सवती, अदिती आणि दिती, यांची लेकरे देव आणि दैत्य होऊन एकमेकांच्या उरावर बसली होती. आणि हिमवंताच्या पायथ्याशी, शुचिष्मती नदीच्या तीरावर, ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता अशी साधी माणसे आपापल्या परीने ईश्वराला भजत होती. ऐलतीरी अग्निहोत्री ऋषींच्या पर्णकुटी, पैलतीरी वारुळाला दूध वाहणारे शबर, आणि खालच्या वळणावर नदीलाच आई म्हणणारे धीवर. एकमेकांच्या पंगतीला ते बसत नसत. पण कोणाचा अग्नी विझला तर निखारा शेजारच्या चुलीतूनच येई, आणि देणारा कधी घेणाऱ्याचा देव विचारीत नसे.

ती भूमी सपाट होती, हेच तिचे दुर्दैव. रथ दौडवायला देवदैत्यांना तीच आवडे. त्यात ब्रह्मदेवाचा दंडक असा, की जिथे युद्ध व्हायचे तिथल्या लोकांपुढे राजाने गुडघे टेकावेत, जलपूर्ण कलश कपाळाला लावावा आणि ‘आजचा दिवस पुण्याचा आहे असे आपण म्हणावे’ अशी प्रार्थना करावी. लोकांनी ‘अस्तु पुण्याहम्’ म्हटल्यावाचून शस्त्राला तेज नाही. आणि प्रतिवचन स्वीकारल्यावाचून कलश खाली ठेवला, तर राज्य गेलेच समजावे. मागल्या खेपेला या भाबड्या लोकांनी सकाळी इंद्राला ‘अस्तु’ म्हटले आणि दुपारी दैत्यांनाही. दारी आलेल्याला नाही कसे म्हणायचे? दोन्हीकडची शस्त्रे तेजाळली, मधले अरण्य जळाले. देवांच्या ध्वजांची वर्णने पुराणिकांनी घसा सुकेपर्यंत केली. राखेत खूर भाजलेल्या वासरांचे वर्णन कोणी केले नाही.

त्या वणव्यात क्षमावतीची लेक हेमला गेली. ही क्षमावती कश्यपाश्रमातली जुनी दाई, आता याच तीरावर राहणारी; इंद्र आणि दैत्यराज ऊर्ध्वकेतू, दोघेही तिच्याच अंगावर प्यालेले. नाव क्षमावती, पण जिभेला क्षमा ठाऊक नव्हती. पुन्हा दुंदुभी वाजू लागल्याचे कळताच ती काठी टेकीत तिन्ही वस्त्यांतून फिरली आणि सर्वांना वडाखाली बसवून म्हणाली, “या खेपेला अस्तु म्हणायचे नाही.”

“आर्ये,” वृद्ध शालंकायन ऋषी म्हणाले, “यजमानाला होकार देणे हा शिष्टाचार आहे.”

“तुमची कुटी पेटवू का, म्हणून पलिता घेऊन कोणी विचारले, तरी अस्तु म्हणणार का, महाराज?”

शबरांची म्होरकी तुंबी खुदकन हसली. “म्हणतील ग आजी. वर बसायला आसन देतील.”

ऋषी दाढीतल्या दाढीत हसले. मग गंभीर झाले. “पण मौनही पापच. कलश उचललेल्याला प्रतिवचन द्यावेच लागते.”

“द्यायचेच,” क्षमावती म्हणाली. “मात्र आपल्या मनातले.”

ठरल्या दिवशी ऐरावताच्या घंटानादाने दिशा कोंदल्या. पूर्वेकडून दैत्यसेना प्रलयमेघासारखी उतरली. इंद्राने सुवर्णकलश उचलला, ऊर्ध्वकेतूने ताम्रकलश, आणि एकमेकांकडे न पाहता दोघेही गुडघ्यांवर आले.

“पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु,” इंद्र गरजला.

“शांतिरस्तु,” क्षमावती म्हणाली. मागोमाग ऋषी म्हणाले, शबर म्हणाले, धीवर म्हणाले.

दोन्ही राजांनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच. हे स्वीकारावे तर युद्ध संपले. न स्वीकारावे तर कलश खाली ठेवता येईना. सूर्य माथ्यावर आला. त्रैलोक्याच्या अधिपतीचे दंड थरथरू लागले.

“मी मेघ आवरीन. तुमच्या नदीची वाळू होईल.”

“त्याला हात मोकळे लागतात, देवा,” धीवरांतली एक बाई म्हणाली. ऊर्ध्वकेतूला हसू आवरेना. त्याचा कलश हिंदकळला, पाणी नाकावरून ओघळले, आणि मग देवसेनाही हसली.

ऋषींची तोंडे मात्र उतरली होती. पावसाचा धनी उद्या हात मोकळे झाल्यावर काय करील, हे ते जाणून होते. तेव्हा क्षमावती उठून पुढे गेली.

“दाईमाते,” इंद्र हळूच म्हणाला, “सैन्यासमोर लाजवू नकोस.”

“सैन्यासमोरच बोलते. एकांतात तू कधी ऐकलेस? शक्रा, दात येताना तू माझा हा खांदा चावलास, आणि तो बरा होईतो या केतूने दुसरा. मी कोणाला खाली टाकले नाही. उद्या तू पडलास तर दैत्य नगारे वाजवतील, हा पडला तर देव. माझ्या घरी दोन्ही वेळा चूल पेटणार नाही. हेमला गेली तेव्हाही पेटली नव्हती.”

“हेमला गेली?” ऊर्ध्वकेतूने विचारले.

“जिच्या वाटचे दूध तुम्ही प्यालात, ती. तुमच्याच धुरात. दोघांपैकी एकही जण विचारायला आला नाही.”

इंद्राचे सहस्र नेत्र खाली झुकले. म्हातारीने एक तळवा त्याच्या कोपराखाली दिला, दुसरा ऊर्ध्वकेतूच्या; चालायला शिकवताना देत असे तसा.

“स्वीकारले,” इंद्र म्हणाला. “स्वीकारले,” दैत्यराज म्हणाला. कलश भूमीला टेकले.

“वर माग, माते.”

“कोणीही कार्य मांडो, त्याने आधी बसलेल्यांना विचारावे, आणि त्यांचे पहिले उत्तर आजचेच असावे.”

“तथास्तु.”

त्यानंतर युद्धे झाली नाहीत असे कोणी समजू नये; शुचिष्मतीच्या तीरावर मात्र रथ पुन्हा आले नाहीत. आणि आजही लग्न असो, मुंज असो, नव्या घराचा प्रवेश असो, पुण्याहवाचनात यजमान गुडघे टेकतो, कलश कपाळाला लावतो, आणि बसलेले ‘शांतिरस्तु’ म्हणतात. पंगतीकडे डोळा ठेवून पुटपुटणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, तो नुसता होकार नव्हे. ती क्षमावतीची अट आहे. आणि ती ऐकेपर्यंत यजमान कितीही थोर असला, तरी त्याने गुडघ्यांवरून उठायचे नसते.