छू कुणावर?

मेंढ्या स्वतःच कुत्री पाळत, त्या काळची ही गोष्ट. एका कळपात लांडगा शिरला. तो चिखलात नि लेंड्यांत लोळून आला होता, म्हणून कुत्र्यांना त्याचा वास कळपातलाच वाटला आणि ती झोपून राहिली. कोकरं नाहीशी होऊ लागली, तेव्हा घाबरलेली साळुंकी झाडावरून जिवाच्या आकांताने ओरडली, “छू!”

कुत्री उठली आणि दिसेल त्याला चावत सुटली. लांडगा गर्दीत दडला. धवळी मेंढीच्या कोकराचा पाय मात्र फाटला. दमलेली कुत्री पुन्हा झोपली.

“अगं भवाने, छू कुणावर?” धवळी कडाडली.

“मी... तुमच्या भल्यासाठीच...”

“भलं गेलं खड्ड्यात! झाडावरून ओरडायला काय लागतं? खाली ये, त्याला शोध आणि मग बोल.”

साळुंकी खाली उतरली. एकेका पाठीवर बसत गेली. एका पाठीवर नख्यांना लोकर लागलीच नाही, राठ केस लागले. तिथेच घट्ट बसून ती शेजारच्या कुत्र्यापुरतं हळूच म्हणाली, “छू.”

त्या एकाच कुत्र्याने झडप घातली आणि लांडगा मरून पडला. बाकीच्या कुत्र्यांनी कूसही बदलली नव्हती.

“आम्हाला का नाही उठवलंस?” जागा झालेला म्हातारा कुत्रा गुरगुरला.

“तुम्हाला?” कोकराचा पाय चाटणारी धवळी फणकारली. “आधी इकडे येऊन हे बघा!”